मागच्या डाव्या दाराची पुट्टी

पापडाचं पीठ पत्र्यावर टिकत नाही, हे मला एकदा एका गिऱ्हाइकाला समजावून सांगावं लागलं होतं. तो पारोळ्याकडचा, मेटॅडोर चालवायचा. मडगार्डला पोचा आला तेव्हा त्याच्या घरी उडदाचे पापड चालू होते. त्याने त्यातलाच एक गोळा उचलला, खड्ड्यात दाबून बसवला, उन्हात वाळवला आणि वरून ब्रशने रंग मारला. त्याचं म्हणणं अगदीच खुळं नव्हतं. हे पीठ पाट्याला चिकटून वाळलं की बायकांना सुरीने खरवडावं लागतं, हे त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. मे महिन्यात काम झकास दिसलं. जुलैत मडगार्ड फुगलं आणि त्याला मुंग्या लागल्या. मी पट्टीने तो भाग खरवडला तर हिंगाचा वास आला. आमचा रशीद मिस्त्री म्हणाला, तळून बघू का. गिऱ्हाईक रागावलं नाही. पापडखार कमी पडला असेल का, असं त्याने मला गंभीरपणे विचारलं.

या दिवाळी अंकात डॉक्टर, वकील, शिक्षक नेहमी लिहितात. पुट्टीवाल्याचं लिहिणं कुणी वाचेल की नाही मला माहीत नाही. पण गाडीचा रंग सगळे पाहतात आणि रंगाखाली काय आहे ते कुणी विचारत नाही, म्हणून चार गोष्टी सांगतो.

जळगावात महामार्गालगत माझी डेंटिंग-पेंटिंगची शेड आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी ती टाकली. पत्रा ठोकण्याचं काम रशीद मिस्त्रीकडे, पुट्टी आणि रंग माझ्याकडे. पोचा आलेला पत्रा आतून ठोकळा लावून बाहेरून हातोडीने जितका सरळ करता येईल तितका करायचा. तरी बारीक उंचवटे आणि खळगे राहतातच. ते भरायला पुट्टी. ठोकायचा कंटाळा आला म्हणून पुट्टी भरायची नाही, ठोकून झाल्यावर जे उरतं त्यासाठी भरायची. हा एक नियम पाळला तर या धंद्यातली निम्मी पापं टळतात.

पूर्वी आमच्याकडे खडूची पूड आणि अळशीचं तेल मळून ‘लांबी’ नावाचं भरण बनवत. ती वाळायला इतका वेळ घ्यायची की गाडीवाला गाडी विसरून जायचा. मग डब्यातली पॉलिस्टर पुट्टी आली. ती हवेने वाळत नाही. तिच्यात हार्डनर नावाची लाल पेस्ट मिसळली की ती आतून गरम होऊन दगड बनते. जाड भरायला तीच. त्यावर येणारी बारीक छिद्रं आणि ओरखडे बुजवायला एन.सी. पुट्टी. ती हवेने वाळते, वाळताना आकसते, म्हणून सायीसारखी पातळच लावायची. घाईचे लोक हीच पुट्टी जाड थापतात. वरून सुकते, आत ओली राहते, आणि गाडी महिनाभर उन्हात फिरली की रंगासकट खाली बसते. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, पोचा परत आला. पोचा कुठे गेलाच नव्हता.

हार्डनरचं प्रमाण वजनाने शंभराला दोन. बहुतेक पेंटर ते डोळ्याने ठरवतात, गुलाबी रंग आला की पुरे. मला ते जमेना. जळगावच्या सराफ बाजारातून मी एक जुना सोन्याचा काटा विकत घेतला आणि त्यावर हार्डनर तोलू लागलो. शेजारचे गॅरेजवाले माझ्याकडे गिऱ्हाईक पाठवताना सांगायचे, सोनाराकडे जा. मला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या उन्हाळ्यात पत्र्यावर हात ठेवता येत नाही. अशा वेळी पुट्टी पट्टीवरच आवळून येते, म्हणून लोक हार्डनर कमी करतात, आणि मग ती कधीच नीट पिकत नाही. हार्डनर तेवढाच ठेवायचा, पुट्टी थोडी थोडी कालवायची. गणित एवढंच आहे. पावसाळ्यात उलटी अडचण. पॉलिस्टर पुट्टी पाणी पिते. तिच्यावर घासायचा पाणीपेपर ओला करून फिरवला आणि तसाच रंग मारला तर पुढे फोड येतात. म्हणून श्रावण-भाद्रपदात मी ती कोरडीच घासायचो. धूळ नाकातोंडात जायची. आमची मंडळी म्हणायची, पिंप्राळ्यात पीठगिरणीवालासुद्धा तुमच्यापेक्षा स्वच्छ घरी येतो.

आता ज्या दारासाठी हे लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. नव्वदच्या आसपासची गोष्ट. पोळा नुकताच झाला होता. सकाळी शेडसमोर एक काळी अँबॅसिडर येऊन थांबली. गाडी जुनी, पण रंग असा की त्यात पाहून भांग पाडावा. मागच्या डाव्या दारावर मात्र मधोमध हातभर लांबीची खोल चिरणी, तिच्या टोकाला वाटीएवढा पोचा, आणि खरवडलेल्या पत्र्यात लाल हिंगूळ भरलेला. हिंगूळ आम्ही पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावतो.

भाड्याने आणलेला ड्रायव्हर उतरला, त्याच्यामागून रामदासआबा. आबा एरंडोलच्या अलीकडे एका गावात राहायचे. केळी आणि कापूस, घर खाऊनपिऊन सुखी, माणूस साधा. त्यांच्या ट्रॅक्टरचा पत्रा मी एकदा केला होता, तेवढी ओळख. ते बाकावर बसले आणि आपल्या अहिराणीत म्हणाले, “भाऊ, काहीबी करा, पन पाव्हनास्नी गाडी व्हती तशी करी द्या.”

हळूहळू सगळं बाहेर आलं. आबांची मुलगी शोभा जळगावला कॉलेजात शिकत होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी धुळ्याहून पंडितनाना, त्यांच्या पत्नी आणि मुलगा सुधाकर तिला पाहायला आले. सुधाकर तिथल्याच एका सरकारी कचेरीत कारकून. पाहुण्यांची गाडी तापू नये म्हणून आबांनी ती गोठ्यालगतच्या लिंबाखाली उभी करायला लावली. आबांच्या सालदार गड्याला वाटलं, काल बैल धुऊन चोळून चकचकीत केले, आज पाहुण्यांच्या गाडीची काही सेवा करावी. त्याने चिखल धुतला आणि बैलांसाठी आणलेलं उरलेलं खोबरेल फडक्यावर घेऊन चारी दारं चोळून काढली. शेजारीच पाखऱ्या नावाचा बैल बांधला होता, शिंगांना पितळी शेंब्या अजून तशाच. त्याने मान वळवली तर समोर काळ्या दारात आणखी एक शिंगं रंगवलेला बैल.

“त्याले वाटनं, दुसरा बैल उभा शे,” आबा म्हणाले. हसावं की रडावं हे त्यांना कळत नव्हतं. रशीद मात्र गाडीमागे जाऊन हसून आला.

आत माजघरात पोहे झाले होते, मुलगा-मुलगी एकमेकांशी चार शब्द बोलले होते, दोघांनाही बरं वाटत होतं. तेवढ्यात बाहेर दाण् असा आवाज झाला. बाहेर येऊन दार पाहिल्यावर पंडितनाना रुमाल काढून ती चिरणी पुसू लागले. गाडी त्यांची नव्हती. त्यांच्या थोरल्या भावाची, तात्यांची होती. तात्या एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर बॉडी फिटर होते. निवृत्त झाल्यावर ही जुनी गाडी घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने उभी केली होती. ती ते कुणाला देत नसत. पुतण्याच्या लग्नाचं काम म्हणून पहिल्यांदा दिली होती. आणि त्या घरात सोयरीक तात्यांच्या शब्दाशिवाय होत नसे.

आबांनी लगेच सांगितलं, बैल आमचा, गाडी आम्ही करून देतो. नाना एस.टी.ने धुळ्याला परतले आणि भावाला सांगून बसले की गाडीचा क्लच गेला, जळगावला गॅरेजात आहे. आबांकडे निरोप धाडला की दार असं करा, तात्यांना पत्ता लागता कामा नये. नाहीतर ते म्हणतील, ज्यांना पाहुण्यांची गाडी सांभाळता येत नाही त्यांच्याशी नातं नको.

म्हणजे माझ्याकडे आलेलं काम नुसतं दाराचं नव्हतं. मुलीचं लग्न त्या दारात अडकलं होतं.

रशीदने आतला पुठ्ठा काढून पत्रा ठोकायला घेतला. पोचा निघाला, पण चिरणीच्या जागी पत्रा ताणला गेला होता. अंगठ्याने दाबला की आत जायचा, सोडला की टपकन बाहेर यायचा. रशीदने तो जागोजाग तापवून, ओलं फडकं लावून आकसवला. तरी चिरणी राहिलीच. ती भरणं भाग होतं. आबा रोज यायचे आणि बाकावर बसून दाराकडे असे बघायचे, जसं कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसतं.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की काळा रंग म्हणजे आरसा, तरीही मी दार असं करीन की डोळ्याला काही दिसणार नाही. पण बॉडी फिटर गाडी डोळ्याने बघत नाही. तो तळहात फिरवतो आणि बोटाच्या पेराने वाजवतो. कोरा पत्रा ठणकतो, पुट्टी भरलेला पत्रा मुक्याने वाजतो. तात्यांना ते कळणारच.

यावर रशीदने दुसरी वाट सुचवली. पुट्टी येण्याआधी जुने कारागीर पत्र्यातले खळगे कथलाच्या झाळीने भरत. झोताच्या दिव्याच्या आचेवर कथील मऊ करून, तेल लावलेल्या लाकडी पट्टीने पसरायचं आणि कानशीने घासून सपाट करायचं. रशीद ते वडिलांकडून शिकला होता. तो म्हणाला, “धातूवर धातू बसला की वाजवणाऱ्यालाही नाही समजणार. करू?”

आबांचा चेहरा एकदम उजळला. असं काही असतं हेच त्यांना माहीत नव्हतं. मला म्हणाले, मग तेच करा, विचारता काय.

झाळ करता आली असती. ती कमी प्रतीची नाही, उलट मानाची. पण आम्ही ती या दारासाठी निवडत नव्हतो, एका माणसाच्या कानासाठी निवडत होतो. भरण कसं निवडायचं याचा हिशोब मी आयुष्यभर पत्र्याकडे बघून केला होता. खोली किती, पसारा किती, ऊन किती, पाऊस किती. कुणापासून काय लपवायचं, हा रकाना त्यात कधी नव्हता. पण मुलगी त्यांची होती. मी उपदेश करणारा कोण? रशीदला सांगितलं की उद्या कथील आण.

त्या संध्याकाळी शोभा शेडमध्ये आली. कॉलेज सुटल्यावर वडिलांबरोबर एकाच गाडीने गावी जायचं म्हणून आली होती. उंच, सावळी मुलगी, वह्या छातीशी धरलेल्या. तिने दार पाहिलं, पत्र्यावर हात फिरवला आणि हे कसं भरणार असं मला विचारलं. मी दोन्ही प्रकार सांगितले.

“पुट्टीचं काम वाईट असतं का?” तिने विचारलं.

“नाही. नीट केलं तर गाडी आहे तोवर टिकतं. फक्त वाजवलं की कळतं.”

“आणि झाळीचं?”

“तेही टिकतं. कळत नाही.”

तिने आबांकडे पाहिलं. आबा घाईघाईने म्हणाले की झाळच ठरली आहे, चल, बस चुकेल.

ती हलली नाही. “आबा, आज कळलं तर ते लोक आपल्या दारातून परत जातील. लग्नानंतर कळलं तर मला परत यावं लागेल.”

रशीदची हातोडी थांबली. आबा म्हणाले, अगं, कळणारच नाही. त्यावर तिने एवढंच विचारलं की सालदाराला माहीत आहे, ड्रायव्हरला माहीत आहे, मुलाच्या आईला माहीत आहे, यातलं कोण किती वर्षं गप्प बसेल? मला हा प्रश्न आवडला. हिशोबाचा प्रश्न होता.

आबांनी टोपी काढून हातात घेतली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “पुट्टीच भरा. आनि मी सोता जाईसन सांगस.”

रशीदला थोडं वाईट वाटलं. कथलाची कांडी त्याने फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवून दिली, पुढे कधी दाखवीन म्हणाला. ते राहूनच गेलं. नंतर तो मुलाकडे मालेगावला गेला, आणि ती कला मी जवळून कधी पाहिलीच नाही. आता तर पोचा आला की दारच नवं बसवतात. पुट्टीवाल्याला तरी काम कुठे उरलंय.

दाराचं काम मी जीव लावून केलं. पॉलिस्टर पुट्टी पातळ थरांत भरली आणि लांब लाकडी ठोकळ्यावर कोरडा पेपर लावून घासली. नुसत्या हाताने घासलं तर बोटांच्या चरी उमटतात आणि काळ्या रंगात त्या लाटांसारख्या दिसतात. मग वरून काळी पूड चोळली. ती पुसून काढली की खळग्यात तेवढी राहते, कुठे कमी आहे ते दिसतं. तिथं पुन्हा भरायचं. शेवटी सुया टोचल्यासारखी छिद्रं एन.सी. पुट्टीने बुजवली. पावसाची झड चालू होती, म्हणून रंग मारायला उघडीप मिळेपर्यंत थांबलो. आबा म्हणाले, गणपती बसले भाऊ. मी म्हणालो, बसू द्या, ओल्या हवेत मारला तर काळ्यावर पांढुरकी झाक येईल.

गाडी धुळ्याला पोचवायला स्टिअरिंगवर मीच बसलो. आबांनी तशी विनंती केली होती, आणि खरं सांगायचं तर तात्यांचा हात त्या दारावर फिरताना मला पाहायचं होतं. वाटेत आबा तोंडातल्या तोंडात काय बोलायचं ते घोकत होते. पारोळा मागे पडल्यावर त्यांनी मला दोनदा म्हणून दाखवलं. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा वाईट झालं.

तात्यांच्या घरासमोर गाडी थांबली. तात्या बाहेर आले. किडकिडीत, बनियनवर, गळ्यात चष्मा. त्यांनी आम्हाला रामराम केला नाही. बॉनेटपासून तळहात फिरवत निघाले, जसं कुणी गावाहून परतलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतं. नाना दारात उभे होते, मागे सुधाकर. मागच्या डाव्या दाराशी हात थांबला. तात्यांनी बोटाचं पेर उचललं.

ते वाजवायच्या आत आबा म्हणाले, “तात्या, मन्हा बैलनी शिंग मारं. मी तेच सांगाले उनू शे.” घोकलेलं सगळं विसरले होते.

तात्यांनी तरीही वाजवलं. वरती ठण, खाली ठप. मग माझ्याकडे वळले.

“कुणी भरलं?”

“मी.”

“जाडी?”

“सगळ्यात खोल जागी दोन मिलिमीटर. कडेला शून्यावर उतरवली आहे.”

त्यांनी पुन्हा हात फिरवला, डोळे मिटून. “कड लागत नाही,” ते म्हणाले. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मला मिळालेलं नाही. मग म्हणाले, “झाळ का नाही केली? केली असती तर मला कळलंही नसतं.”

मी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले की मिस्त्री करणारच होता, पण पोरीने नको म्हटलं. ती म्हणाली, कळू द्या. मग शेडमध्ये ती जे बोलली ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

तात्यांनी दार उघडून पुन्हा लावलं. मग धाकट्या भावाकडे न पाहता म्हणाले, “पंडित, क्लच कसा आहे रे आता?”

नानांनी मान खाली घातली. मला हसू येत होतं, ते मी कसंबसं दाबलं.

“मुलीकडचे सांगायला आले,” तात्या म्हणाले, “आणि आमचे लपवत बसले. आता होकार-नकार आम्ही देणारे कोण? रामदासआबा, तुम्ही मुलीला विचारा, असल्या घरात यायची तिची तयारी आहे का.”

आबा गोंधळून माझ्याकडे पाहू लागले. ते क्षमा मागायला आले होते आणि इथे त्यांनाच विचारणा होत होती. “पोरीले इचारीसन सांगस,” एवढंच ते म्हणू शकले.

तेव्हा सुधाकर पुढे आला. आबांना म्हणाला, “तिला हेही सांगा. क्लचचं मी बोललो नाही, पण मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो.” त्याचे कान लाल झाले होते.

गाडी तात्यांच्या घरी ठेवून आम्ही एस.टी.ने परत निघालो. आबा म्हणाले, तुम्ही घरापर्यंत चला, माझ्याच्याने सगळं नीट सांगणं होणार नाही. मी त्यांच्या गावी उतरलो. शोभा ओट्यावर शेंगा निवडत होती. मी बसलो आणि जे जसं झालं ते तसं सांगितलं. तात्यांचं पेर, क्लचचा प्रश्न, विचारणा. ती खाली बघून ऐकत होती, शेंगा निवडणं चालूच होतं. शेवटी सुधाकरचं वाक्य सांगितलं तेव्हा हात थांबले.

“असं तो सगळ्यांसमोर म्हणाला?”

“हो. वडील शेजारी उभे होते.”

तिने सूप बाजूला ठेवलं. “गप्प बसलो, हे तरी बोलला,” ती म्हणाली. “पुढचं बोलायला मी शिकवीन.” आणि चहा ठेवायला आत गेली.

आबा खांबाला टेकून उभे होते. त्यांनी आतल्या भांड्यांचा आवाज जरा वेळ ऐकला, मग माझ्या कानाशी वाकून हळूच विचारलं, “भाऊ, हो म्हननी ना ती?”

“हो म्हणाली, आबा.”